आत्याबाई वाळूत रुतल्या तेव्हा

सकाळभर दंताळं ओढून मी सपाट केलेल्या वाळूत एक अनोळखी माणूस उकिडवा बसला होता.

दारापासून त्याच्यापर्यंत बुटांचे बावीस ठसे. मोजले मी. ती वाळू म्हणजे काही कुणाचं अंगण नव्हतं. मंगळावर चालणाऱ्या आमच्या गाडीची एक जुळी बहीण आमच्यापाशी होती. आधी ती या दालनात चालवून बघायची, ती नीट चालली तरच तिकडच्या गाडीला हुकूम धाडायचा, अशी आमची रीत. आणि दुपारी चाचणी होती.

"अहो," मी दारातूनच म्हटलं, "तिथं बसायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

त्यानं मान वर केली. हातात मुठीएवढा दगड. "हा दगड इथला नाही."

"तुम्ही तरी कुठे इथले आहात?"

त्यानं दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे... तेवढ्याच बारकाईनं. "हा नदीतला आहे. गोटा झालाय. आपली गाडी चाललीय तिथं असे नाहीत."

"बरं. आणि माझी वाळू?"

तो ओशाळून उठला आणि उलट्या पावली, आपल्याच ठशांवर पाय ठेवत परत आला — तेविसावा ठसा उमटू नये म्हणून. दोनदा तोल गेला. मला हसू आलं, आणि हसू आलं याचाच राग आला. राग गिळता गिळता धुळीनं खोकल्याची उबळ आली. तो दारात थांबून राहिला, उबळ थांबेपर्यंत. हेही मला आवडलं नाही.

तो आमचा नवा भूगर्भशास्त्रज्ञ निघाला. मी गाडी हाकणारी. त्याच संध्याकाळी मनातल्या मनात मी त्याचं नाव धोंडोपंत ठेवलं.

गाडीचं नाव आधीपासूनच आत्याबाई होतं. चाल धिमी, हट्ट मोठा, आणि एखादी गोष्ट पटली नाही की जागच्या जागी ठाण मांडायचं. पण आता बसून चालणार नव्हतं. बाराशे मीटरवर एक विवर होतं. हिवाळ्याआधी त्या विवराच्या उन्हाकडच्या उतारावर आत्याबाई पोचल्या, तर पाठीवरच्या सौरपट्ट्यांना चार घास ऊन मिळणार आणि त्या जगणार. नाही पोचल्या, तर गारठून कायमच्या गप्प. हातात साठ दिवस, चाल दिवसाला चाळीसएक मीटर. गणित सोपं होतं. गणितात धोंडोपंत धरले नव्हते.

"आज थांबायला हवं," रोज सकाळच्या बैठकीत तो म्हणायचा.

"परवाच तर थांबलो होतो."

"तो दगड तांबडा होता. हा करडा आहे."

"आणि उद्या?"

"उद्याचा अजून दिसला नाही."

एक मुक्काम म्हणजे दीड-दोन दिवस पाण्यात. मी कपाळाला हात लावायची. "तुम्हाला विवरापाशी पोचायचंय की नाही?"

"पोचायचंय ना. पण वाटेत काय होतं तेच बघितलं नाही, तर पोचून सांगणार काय?"

आमच्या प्रमुख, मोठ्या बाई, चष्म्यावरून दोघांकडे बघत म्हणायच्या, "तुमचं दोघांचं संपलं की हाक मारा. मी तोवर चहा घेते."

घरी आई ताट वाढायची. "भाजी कशी झालीय?"

"आई, आज त्यानं काय केलं ठाऊक आहे?"

"सांग. भाजीचं उद्या विचारते."

मी सांगायची. त्याचे दगड, त्याची खडूनं भरलेली बाही, विचार करताना पेन्सिल कानामागं खोचून मग तीच शोधत बसणं. आई ऐकून घ्यायची आणि ताटं उचलता उचलता, ओवी रचत रचत, गुणगुणायची —

*माझ्या लेकीच्या तोंडी गं, एका दगडाचं नाव*
*सांगे भांडण भांडण, डोळां वेगळाच भाव*

"आई, पुरे."

"मी कुठे काय म्हटलं? मी आपली ताटं उचलतेय."

चौथ्या आठवड्यात आत्याबाईंसमोर वाळूचा एक मोकळा पट्टा आला. सरळ गेलं तर दोन दिवस, दगडांतून वळसा घेतला तर आठ.

"वळसा घ्या," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याला दगड बघायचे नव्हते, वाट काढायची होती. "वाळूवरच्या रेघा बघा, सगळ्या एकाच अंगाला कललेल्या. वर साय धरलीय, आत भुसभुशीत आहे."

"चाचणी घेऊ. जुळी सांगेल ते खरं."

दालनात जुळी बहीण तुरुतुरु चढून गेली. तो चाकांच्या ठशांकडे बघत राहिला. "असं कसं..."

"असंच," मी म्हटलं. जिंकल्याचा आवाज लपवला नाही. "सगळंच काही दगड सांगत नाहीत."

दोन दिवसांनी सकाळी चित्र आलं. क्षितिज तिरपं होतं. सहापैकी चार चाकं आसापर्यंत वाळूत.

मी वाट बघत राहिले — आता म्हणेल, मी सांगितलं होतं. मग मलाही भांडता आलं असतं. पण तो चित्राला नाक लावून बुडालेली चाकं मोजत होता.

"म्हणून टाका एकदाचं," मी वैतागून म्हटलं.

"काय?"

"मी सांगितलं होतं, असं."

"नाही म्हणणार."

असल्या माणसाचं काय करायचं?

बैठकीत मोठ्या बाईंनी एकच विचारलं, "दालनातली वाळू आपल्याशी खोटं का बोलली?"

मी उभी राहिले. "चूक माझी. मी घाई केली."

"नाही," तो म्हणाला. "चूक माझी आहे. मी रोज सकाळी वाळूवर पाणी शिंपत होतो."

"काय शिंपत होता?"

"पाणी. दोन झाऱ्या, या यायच्या आधी. दुपारपर्यंत उडून जात असेल, असं वाटायचं. मघाशी उकरून बघितलं... वरचं वाळतं, आतलं घट्ट राहतं. त्या वाळूवर कुणीही चढलं असतं."

"पण का?"

तो टेबलाकडे बघत राहिला. "धुळीनं यांना खोकला येतो."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मी पुष्कळ कारणं ऐकलीत," त्या म्हणाल्या. "हे नव्हतं ऐकलं." मग त्याला दालनात पाय ठेवायची बंदी झाली. आत्याबाई सुटल्या तर पुढचं बघू, नाही सुटल्या तर त्यानं सामान आवरावं.

मी त्याला जिन्यात गाठलं. "मला विचारायचं तरी."

"तुम्ही नको म्हणाला असतात."

"म्हणालेच असते."

"म्हणून."

"अहो, जन्मभर दगडमाती बघितलेला माणूस तुम्ही. स्वतःच खरं सांगता, आणि स्वतःच पाणी घालून ते खोटं पाडता? वाळू ओली राहिलीय, हे दिसलं नाही तुम्हाला?"

"मी वाळूकडे बघत नव्हतो." त्यानं बाहीवरचा खडू झटकला. "म्हणजे... तुम्ही दालनात असताना."

मला इतका संताप आला की जिना उतरायचं राहिलंच. मी तिथंच पायरीवर बसले. तोही बसला, दोन पायऱ्या खाली.

दुसऱ्या दिवशी मी दालनात कोरडी वाळू ओतून घेतली, पिठासारखी. जुळीला तिच्यात पुरलं. तोंडाला ओढणी बांधली, तरी उबळ यायचीच. तो काचेबाहेर उभा. कागदावर बाण काढून काचेला लावायचा — मागं, रेघांच्या कलानं, डावं चाक आधी. मी खोकायला लागले की कागद तसाच धरून तोंड तेवढं दुसरीकडे फिरवायचा.

चाकाचा अर्धा फेरा, मग थांबायचं. सकाळी चित्र बघायचं. बोटभर सरकल्या. पुन्हा अर्धा फेरा. अकराव्या दिवशी आत्याबाई बाहेर आल्या. मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर त्याला खूप बोलून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, "उद्या वेळेवर या." मग आम्ही दगडांतून वळसा घेतला, आणि त्या सबंध वाटेवर धोंडोपंतांनी एकही मुक्काम मागितला नाही.

उतार चाळीस मीटरवर राहिला, तेव्हा चित्रात एक चपटा दगड आला. पोथीच्या पानांसारखे थरावर थर. असा दगड बघायला तो सात वर्षं थांबला होता, हे मला मोठ्या बाईंकडून कळलं होतं.

बैठकीत त्यानं त्याचा विषयच काढला नाही. नंतर मीच विचारलं, "दिसला?"

"दिसला. जाऊ दे. आधी आत्याबाई उन्हात बसू देत."

दुपारी मी हुकुमाचा कागद त्याच्या टेबलावर ठेवला. आमच्याकडे मुक्काम असला की शास्त्रज्ञाची आणि गाडी हाकणाऱ्याची, अशा दोन सह्या लागतात.

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. "यात चूक आहे. इथं मुक्काम लिहिलाय."

"चूक नाही. हातात अजून चार दिवस आहेत. तीनदा गणित करून बघितलं."

"पण मागितला कुणी?"

"मी."

त्यानं झटक्यात मान वर केली. कानामागची पेन्सिल खाली पडली, त्याला कळलंही नाही.

"मी खूप चिडलेय तुझ्यावर," मी म्हटलं.

'तुझ्यावर' म्हणून गेले ते दोघांनाही ऐकू आलं.

"अजून?" त्यानं हळूच विचारलं.

"लक्षण तरी जन्मभराचं दिसतंय."

"मग..." त्यानं कागद उलटा केला, सुलटा केला. "मला चालेल. म्हणजे, तुला चालणार असेल तर... म्हणजे मी असं म्हणत होतो की..."

"आधी सही कर. तिकडं ऊन उतरतंय."

त्यानं सही केली. घाईघाईत, नेमकी माझ्या रकान्यात.

मी डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला. मग पेन काढून घेतलं आणि त्याच्या रकान्यात माझी केली.