फळ्यावरचं तिसरं कार्ड

बाईंनी दार असं ढकललं की भाऊजींचा चहा त्यांच्याच मांडीवर सांडला.

"काल मला कारखान्यातून हाकललं!" बाई गरजल्या. "माझा फळा कुणीतरी बदलला आणि खापर माझ्या माथी!"

"बसा," वहिनी म्हणाल्या. गुप्तहेर त्या होत्या. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. शोधाच्या कामी त्यांचा उपयोग अजून सापडायचा होता.

बाई लेथवरच्या, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावरच्या, कामांचा क्रम लावत. फळ्यावर प्रत्येक कामाचं कार्ड, त्यावर दोन आकडे: कमीत कमी तास, जास्तीत जास्त तास. मग शेजारची दोन कार्डं अदलाबदल करून बघायची. सगळ्या कामांना जास्तीत जास्त वेळ लागला तर गिऱ्हाइकं एकूण किती तास थांबतील, याची बेरीज करायची. बेरीज उतरली तर बदल ठेवायचा, नाहीतर कार्डं पुन्हा जागेवर. एकाही जोडीत ती उतरेनाशी झाली की थांबायचं.

"परवा सकाळी फळ्यावर तिसरा रोलर, चौथा हॉस्पिटलच्या पंपाचा दांडा. रोलरनं सहा तास खाल्ले, दांडा नेणारी गाडी चुकली. हॉस्पिटलात दोन दिवस पाणी नाही! मालक म्हणतात, क्रम तुमचाच."

"फळ्याच्या खोलीची किल्ली?"

"माझ्याशिवाय तिघांकडे."

कारखान्यात फळा तसाच होता. रोलर: एक ते सहा. दांडा: चार ते चार.

स्टोअरकीपर, म्हणजे मालकाचा मेहुणा, भडकला. "रोलरवाला माझा दोस्त! मी हात घातला असता तर त्याचं काम पहिलं लावलं असतं. तिसरं कशाला? मला कुणाच्या बापाची भीती?"

लेथवाला त्याहून तापला. "रोलर गंजलेला. सहा तास जाणार, हे मी आदल्या दिवशीच बोंबलून सांगितलं होतं. रोलर मागं असता तर दुसऱ्या दिवसावर गेला असता. शेवटी दांड्यासाठी संध्याकाळी सातपर्यंत उभा कोण? मी! स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारायला मी काय येडा आहे?"

सुपरवायझर मात्र शांत. "रोलर म्हणजे साडेतीन तासांचं काम. परवाचा दिवसच वाईट. पण बाईंना नियोजन जमत नाही, हे मी आधीपासून सांगतोय."

"चोर मेहुणाच," भाऊजी कुजबुजले. "थोबाडच तसं आहे."

"भाऊजी, थोबाडावरून पकडायचं तर पहिले तुम्हीच आत जाल."

वहिनींनी सगळ्यांना मालकासमोर उभं केलं.

"हा क्रम बाईंचा असूच शकत नाही. रोलर आधी, तर वाईटात वाईट थांबणं रोलरला सहा आणि दांड्याला दहा, एकूण सोळा तास. दांडा आधी, तर चार आणि दहा, चौदा. एका अदलाबदलीत दोन तास उतरतात. उतरत असताना बाई थांबत नाहीत. बाकीच्या जोड्या मी तपासल्या, सगळ्या चोख. म्हणजे नंतर एकच अदलाबदल झाली."

"कुणी केली?" मालक ओरडले.

"मेहुण्यानं दोस्ताला पहिलं नेलं असतं. लेथवाला सहाच धरून होता. त्याच्या लेखी रोलर मोठं काम. मधला आकडा धरला तरच रोलर दांड्यापेक्षा लहान होतो आणि पुढं सरकतो. एक आणि सहाच्या मधोमध साडेतीन. हा आकडा कार्डावर नाही. तो फक्त एकाच्या तोंडून आला."

"पण माझाच क्रम बरोबर आहे!" सुपरवायझर फुटला. "साडेतीन आणि साडेसात, अकरा! बाईंचा साडेअकरा! मी सुधारणा केली!"

लेथवाल्यानं एक शिवी हासडली, ती सर्वांनाच पटली.

"सुधारणा केलीस," बाई म्हणाल्या, "आणि मला हाकललं तेव्हा मान खाली घालून उभा राहिलास?"

"झालं गेलं विसरा," मालक म्हणाले. "उद्यापासून कामावर या."

"उद्या कशाला? आत्तापासून." बाईंनी मालकांचा फोन ओढला, नंबर फिरवला आणि रिसीव्हर सुपरवायझरच्या कानाला लावला. "हॉस्पिटलची मेट्रन आहे. दोन दिवस बादल्या वाहतेय. सांग तिला, अर्धा तास कसा वाचवलास ते."

त्यानं तोंड उघडलं. पलीकडून जे आलं, ते भाऊजींना दारापर्यंत स्पष्ट ऐकू आलं.