न लावलेला दिवा

“वातना कोपरा काप, पोरी. नहीते काच काळी व्हई.”

नरडाण्याच्या फलाटावर मी सिग्नलचे दिवे पुसत बसले होते. सुरतेच्या गाडीतून उतरलेला, उन्हानं रापलेला एक तरुण पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन माझ्याच पुढ्यात उभा! स्टेशनचे दिवे माझ्या वडिलांकडे, नानांकडे. वाती मी लहानपणापासून कापत आलेली. आणि हा मला शिकवणार?

“तुम्हले काय मालूम?” मी फणकारले.

“मी दिवानाच चाकर शे.”

तो अभिमन. गाव शेजारचंच, नोकरी मात्र सुरतेपलीकडे, समुद्रातल्या एका ओसाड बेटावर, जुन्या दीपस्तंभात. आखाजीच्या सणाला रजेवर आला होता. मी रागारागानं वातीचे कोपरे कापले. ज्योत गोल, शांत झाली… मेला खरंच बोलला होता!

मग रोज काहीतरी निमित्त काढून तो स्टेशनवर येऊ लागला. कधी टपाल, कधी नुसतं पाणी. समुद्र मी कधी पाहिला नव्हता, पण तो बोलायला लागला की पाय ओले झाल्यासारखे वाटत.

“एवढा मोठा दिवा… पाहुना बी बहू येत व्हतीन?”

तो हसला. “आम्हना दिवा बलावस नही, झुंबर. तो सांगस – दूर ऱ्हा, आठे खडक शे.”

असा कसा दिवा! आमच्याकडे तिन्हीसांजेला देवळीत पणती ठेवतात ती घरी येणाऱ्यासाठी.

आखाजीला मी निंबाच्या झोक्यावर होते. रस्त्यानं जाताना तो थांबला, वर पाहिलं… बस्स. त्या दिवसापासून मला घास जाईना.

त्यानं नानांकडे मला मागणी घातली. नाना म्हणाले, “बेटवर बायकोले लई जाता येस नही. मन्ही पोरनी वरीसभर वाटच देखानी का?”

अभिमननं मान खाली घातली. जाताना मला एवढंच म्हणाला, “मन्हा नाद सोड.” अगदी त्याच्या दिव्यासारखा! मला काय हवंय, हे कुणी विचारलंच नाही.

तो परत निघाला त्या संध्याकाळी गाडी लागली, पण सुटेना. सिग्नलवर दिवा नव्हता, आणि दिवा नसला की ड्रायव्हर गाडी हलवत नाही. दिवा माझ्या पदराखाली होता. तसाच घेऊन मी अभिमनच्या खिडकीशी गेले.

“झुंबर! लाव तो दिवा. नानानी नोकरी जाई!”

“आधी सांगा. पुढली आखाजीले येशात का?”

“तू वरीसभर एकटी…”

“वाट माले देखनी शे. तुम्हले काय?”

खिडकीच्या गजावरची त्याची बोटं माझ्या बोटांजवळ होती – फक्त जवळ. तेवढ्यात नाना धापा टाकत आले. माझ्या पदराकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. आता थोबाडीत बसणार म्हणून मी डोळे मिटले.

“जावाई, जबाब द्या पटकन! गार्ड मन्हावर खेकसी राह्यना!”

“येसू,” अभिमनचा आवाज फुटला. “दर आखाजीले येसू… झुंबर, आते तुन्हाबिगर माले तठे करमाव नही.”

नानांनी दिव्यासाठी हात पुढे केला. मी दिला नाही. सिग्नलची शिडी मीच चढले, काडी मीच ओढली. कोपरे नीट कापलेले होते. ज्योत जरासुद्धा हलली नाही. ज्याला जन्मभर थांबवून ठेवावंसं वाटत होतं, त्याच्या जाण्याचा दिवा मी माझ्या हातानं लावला, आणि गाडी सुटली.