वीस मिलिमीटरच्या आत

इच्छापोरच्या दुकानात भोक मापायची वीस मिलिमीटरची गेज एकच उरली होती, आणि ती त्याने माझ्याआधी उचलली.

"मला तपासणीला हवीय," मी म्हटलं. कॉलेजांच्या प्रोटोटाइप गाड्यांची चार तासांची शर्यत होती आणि मी इंजिन तपासणार होते.

"मग घ्या. त्यात आमचीही गाडी आहे." तो हसला. डिंडोलीचा किरण. "फक्त मोकळी झाली की कळवा... नंबर घ्या माझा."

त्यानंतर रोज मेसेज यायचा – गेज मोकळी झाली का? मी 'नाही' म्हणायचे, आणि मग आम्ही तासभर बोलत बसायचो. तुम्हीचं तू कधी झालं, कळलंच नाही.

शर्यतीच्या सकाळी त्याची गाडी माझ्यासमोर तपासणीला आली. नियम साधा होता. इंजिनाची सगळी हवा एकाच कडीच्या भोकातून जायला हवी. वीस मिलिमीटरची गेज त्यातून आरपार गेली, की गाडी बाद.

किरणच्या कडीतून ती सरळ आरपार गेली.

"परत बघ ना..." तो म्हणाला. मी तीनदा बघितलं.

"पोरी, काल मीच घासलं ते," मागून त्याचे वडील, सुकदेवकाका, म्हणाले. "खरखरीत लागत होतं." तीस वर्षं ते लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, फिटर. धागा जातो ते भोक घासून गुळगुळीत केल्याशिवाय बसवायचं नाही, ही त्यांच्या हाताची सवय.

"केसाएवढा फरक आहे," किरण हळूच म्हणाला. "जवा दे ने, सोड ना, हर्षदा... वर्ष घातलंय आम्ही."

मला त्याचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचा, कारण मला खरंच सोडून द्यावंसं वाटत होतं. मी 'बाद' लिहिलं. बारापर्यंत नवी कडी आणली तर पुन्हा तपासणी होणार होती. तो मोटरसायकल घेऊन नवी कडी लेथवर करून आणायला गेला.

बाराला पाच कमी असताना तो परतला. हात तेलाने काळे, मुठीत नवी कडी. मी गेज उचलली... आणि कडीजवळ नेऊन थांबले. ही पण आरपार गेली तर मी खरं लिहीन का? मला सांगता येईना.

मी गेज मुख्य तपासनीस उज्ज्वला मॅडमपुढे ठेवली. "ही गाडी तुम्ही तपासा. आपल्या माणसाची गाडी तपासायची नाही, असा नियम आहे ना."

"हा तुझा कोण?"

"माझं प्रेम आहे त्याच्यावर."

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "आणि सकाळी?"

"सकाळीही होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं, मॅडम... चुकलं माझं."

त्यांनी गेज लावली. ती तोंडाशीच अडली. त्यांनी सही केली.

किरण हेल्मेट धरून सगळं ऐकत उभा होता. "आधी मला सांगायचंस ना."

"सांगितलं असतं, तर माझ्याच्याने 'बाद' लिहिलं गेलं नसतं."

"फार चिडलो होतो तुझ्यावर," तो म्हणाला. "आणि लेथवर उभा राहून तुझाच विचार करत होतो. मलाही... तूच हवीयस, हर्षदा."

"चार तास नीट चालव," मी म्हटलं. "मी इथेच आहे."