सुरेखावहिनींची हिरवी बांगडी

पियूष, खिडकी लाव. रेवा, हसू नकोस, घाबरण्यात तुझाच नंबर पहिला लागेल. ही गोष्ट माझ्या दोस्ताची, हेमचंद्राची. नागपूरचा तो, खोटं बोलायची अक्कलच नाही त्याला.

२०१७ साल. इथं आयर्लंडात ऑगस्टच्या बँक हॉलिडेचा, सार्वजनिक सुटीचा सोमवार, त्यात नारळी पौर्णिमा. लेकानं हेमचंद्राला नि सुरेखावहिनींना डंडॉकच्या पुढं, समुद्रकाठी कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्यानं घेऊन दिली, नि स्वतः परत गेला डब्लिनला, सिटीवेस्टच्या घरी. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस ना! आईबापांची मजा आईबापांनी करायची.

कॅरव्हॅनची वीज म्हणजे काय? बाहेर गवतात खांब. जाड वायरीचं एक टोक खांबात, दुसरं गाडीत. हेमचंद्र दम्याचा माणूस. त्याचं वाफेचं यंत्र त्याच विजेवर.

जेवणं झाली नि दिवे गेले. वहिनी बघतात तर प्लग खांबातून निघालेला. वायर गवतात, नीट गुंडाळून ठेवलेली.

कॅरव्हॅन-तळाच्या रखवालदाराला फोन केला. "वारा असेल. ग्रँड!" ग्रँड म्हणजे सगळं ठीक; इथं घर पेटलं तरी ग्रँडच.

"वारा वायर गुंडाळतो होय रे मेल्या?" वहिनींनी मराठीतच सुनावलं. प्लग परत खोचला.

परत निघाला.

आत हेमचंद्राची छाती शिट्टी वाजवायला लागली. यंत्र बंद.

मग वहिनी खुर्ची घेऊनच बाहेर गेल्या. खांबाला खेटून बसल्या. प्लग खोचला नि दोन्ही हातांनी दाबून धरला. "आता काढून दाखव! माझा माणूस श्वास घेतोय याच्यावर."

वारा पडला...

वहिनींच्या हातावर हात आला. ओला. गार. दिसत कुणीच नव्हतं.

त्यानं ओढलं.

वहिनींनी दाबलं.

"ओढ! नळावर भांडून मोठी झालेय मी!"

"नो वे, आजोबा!"

हळू, रेवा. इंग्रजी त्याला कळतं.

ओढाओढ चालली... चालली... आत यंत्राची घरघर थांबली नाही. उजाडलं तेव्हा तो हात नव्हता, नि हेमचंद्र आतून चहा मागत होता.

पण वहिनींची हिरवी बांगडी गेली होती. काचेची, साबण लावूनही न निघणारी. गवतात एक तुकडा नाही.

मग दिसली. वायरीत ओवलेली. अख्खी.

"राहू दे तिला," वहिनी म्हणाल्या. "त्यानं वायर सोडली ना!"

तरी सकाळी आलेल्या रखवालदारानं वायर दोन्हीकडून सोडवली, बांगडी काढायला गेला. या टोकानं... त्या टोकानं...

दोन्ही प्लग बांगडीहून मोठे.

तेव्हा मात्र तो ग्रँड म्हणाला नाही.