डिकीतला मास्तर

तिनं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो गॅरेजच्या दारात उभा राहून, गाल फुगवून, "हूंऽऽऽ... वँव, वँव, वँव" करत होता.

ती एका गाडीखाली झोपून नट आवळत होती. तिला वाटलं, बाहेर कुणाच्या तरी पोटात कळ आली. सरपटत बाहेर येऊन पाहते तर एक उंच, चष्मेवाला माणूस, आणि त्याच्यासमोर हाताची घडी घालून गंभीर चेहऱ्यानं ऐकणारे तिचे बाबा.

"असा आवाज येतो," तो म्हणाला. "गाडी हळू असली की येत नाही. वेग घेतला की सुरू होतो, आणि मग वाढत वाढत..." त्यानं पुन्हा गाल फुगवले.

"कळलं, कळलं!" ती घाईघाईनं म्हणाली, कारण समोरच्या सलूनमधली माणसं अर्ध्या दाढीनं बाहेर येऊन बघू लागली होती.

तो लहान मुलांच्या शाळेत मास्तर होता. दिवसभर बेडूक, इंजिन आणि वादळ होऊन दाखवायची त्याला सवय, त्यामुळे लाज वगैरे काही नव्हती. गाडी मामानं दिलेली होती, चांगली म्हातारी. रंग उडालेला, आणि एक दार तर फक्त आतूनच उघडायचं.

गॅरेज बाबांनी नुकतंच तिच्यावर सोपवलं होतं. पण जुनी गिऱ्हाइकं अजून तिच्या डोक्यावरून बाबांशीच बोलायची. हा मात्र सरळ तिच्याकडे वळला. "तुम्ही बघाल का?"

एवढंच विचारलं त्यानं. पण तिनं हातातला पाना उगाचच दोनदा पुसला.

"बेअरिंग," ती छातीठोकपणे म्हणाली. गाडी जॅकवर घेतली, मागचं चाक हातानं फिरवलं. खरखर लागली. बेअरिंग बदललं आणि ऐटीत त्याला शेजारी बसवून ती गाडी मोठ्या रस्त्याला घेऊन गेली. वेग वाढला. दोघांनी कान टवकारले.

हूंऽऽऽ... वँव, वँव, वँव.

मास्तर सभ्यपणे खिडकीबाहेर पाहू लागला. "थोडा... कमी झाल्यासारखा वाटतोय."

"खोटं बोलू नका."

"नाही झाला," तो लगेच म्हणाला.

तिला संताप यायला हवा होता. आलं हसू.

बेअरिंग खराब होतं हे खरं, पण हे गाणं त्याचं नव्हतं. मग रोज शाळा सुटली की मास्तर हजर, आणि दोघं आवाज ऐकायला रस्त्यावर. तिनं गाडी डावीकडे-उजवीकडे झुलवून पाहिली. आवाजात फरक नाही, म्हणजे दुसरं कुठलं बेअरिंगही नव्हे. गुळगुळीत डांबरावर तो दबायचा, खडबडीत रस्त्यावर चेकाळायचा. म्हणजे टायर. पण कुठला? सगळ्या गाडीभर घुमत होता मेला! ही शोधाशोध गल्लीभर गाजली. सलूनवाला तर रोज विचारायचा, "काय ताई, मास्तरांची गाडी अजून गातेय का?" मुख्याध्यापिकाबाईंनी मास्तरला मोठ्या सर्व्हिस सेंटरचा पत्ताही देऊन टाकला होता.

"मग न्या ना तिकडे," ती एकदा फणकारली.

"नाही," तो म्हणाला. "तिकडे गाडी आत घेतात आणि मला बाहेर सोफ्यावर बसवतात."

तिनं बॉनेट उघडलं. बॉनेटमध्ये तिचं काहीच काम नव्हतं.

"माझे कान चांगले आहेत," तो मागून म्हणाला. "वर्गात कोण गुणगुणतंय ते मी पाठमोरा असूनही सांगतो. मला जरा आवाजाच्या जवळ बसवा."

"मग डिकीतच बसा की!" ती थट्टेनं म्हणाली.

वळून पाहते तर मास्तर बूट काढत होता.

मागची सीट आडवी पाडली, खाली गोधडी अंथरली. गुडघे हनुवटीला लावून तो आत मावला. "गिऱ्हाइकाला डिकीत घालणारं गॅरेज आपलं पहिलंच," बाबा म्हणाले आणि निमूटपणे झाकण लावलं.

ती निघाली. वेग घेतला. मागून ओरडा आला, "उजवीकडे! उजव्या चाकाशी! आणखी जोरात!"

तिनं आणखी जोरात घेतली, आणि पुढच्या चौकात ट्रॅफिक हवालदारांनी शिट्टी मारली.

"एवढी घाई कसली, बाई?" खिडकीशी वाकून त्यांनी विचारलं.

ती तोंड उघडणार तेवढ्यात डिकीतून आवाज आला, "थांबलात का? आता तो पण थांबला!"

हवालदार एक पाऊल मागे सरकले. मग सावकाश मागे जाऊन त्यांनी झाकण उघडलं. आत अनवाणी मास्तर, चष्मा वाकडा, केस उभे.

"नमस्कार," मास्तर म्हणाला.

"तुम्हाला कुणी कोंबलं यात?"

"कुणी नाही. माझा मीच बसलो. आम्ही आवाज शोधतोय."

"या बाई कोण तुमच्या?"

"मेकॅनिक."

"आणि मेकॅनिक पुढे, मालक डिकीत? का म्हणून?"

"त्या म्हणाल्या म्हणून."

हवालदारांनी टोपी मागे सारली. "त्या म्हणतील ते सगळं करता का तुम्ही?"

मास्तर विचारात पडला. मुलांनी अवघड प्रश्न विचारला की पडायचा, तसाच अगदी प्रामाणिकपणे. मग म्हणाला, "हो... बहुतेक करीन."

तिचे कान तापले. हवालदारांनी एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "बाई," ते मवाळ सुरात म्हणाले, "यांना पुढे बसवा. आणि गाडी हळू चालवा."

परतताना गॅरेजचं वळण मागे पडलं तरी कुणाच्या लक्षात आलं नाही.

गॅरेजात येताच तिनं उजव्या मागच्या टायरवरून तळवा फिरवला. "हात द्या इकडे." त्याचा हात धरून तिनं टायरवर फिरवला. रबरावर चढ-उतार लागत होते, लाटांसारखे. "शॉकअॅब्सॉर्बर निकामी झालाय, धक्के झेलत नाही. चाक उड्या मारत पळतं, म्हणून टायर असा झिजला. पकडला!" ती आनंदानं ओरडली. हात तसाच धरलेला होता हे तिला जरा उशिरानंच कळलं.

खात्रीसाठी तो टायर पुढे लावला, तर आवाज पुढून आला. मग शॉकअॅब्सॉर्बर बदलले, टायर नवे घातले, आणि शेवटची चक्कर मारायला दोघं निघाले. मास्तरनं चालवायला घेतली. वेग वाढला. खडबडीत रस्ता आला, गेला. गाडी शांत. इतकी शांत, की त्याचा श्वास ऐकू येत होता. तिच्या मनात मात्र आलं, उद्यापासून शाळा सुटल्यावर हा सरळ घरी जाणार.

त्यानं गाडी कडेला घेतली.

"काय झालं? येतोय का कुठून?"

"नाही. झकास झालीय." तो स्टिअरिंगकडे बघत होता. "म्हणूनच... म्हणजे आता मला यायला कारण उरलं नाही. कालपासून एखादं शोधतोय. वायपर मोडावा असंही मनात आलं. पण तुम्ही लगेच ओळखाल, कुणी मोडलाय ते."

"ओळखीन."

"म्हणून सरळच सांगतो. मला तुम्ही आवडता. फार. बेअरिंग बदलूनही आवाज आला आणि तुम्ही हसलात ना... तेव्हापासून." एवढं बोलून त्याला धाप लागली.

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. मग आपल्या काळ्या नखांकडे. मग त्याच्याकडे.

"वर्गात त्या पोरांना अहो-जाहो करता का?"

"नाही... का?"

"मग मला कशाला करताय इतके दिवस?"

मास्तरनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तू..." तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य पार विसरून गेला.

"हां," ती म्हणाली. "आता बोल."