उजव्या बरगडीखाली

"अहो, हळकुंडाकडे बघा. चहाचा गाडा काय दाखवताय मला?"

सांगलीच्या यार्डात भर सौद्यात प्रणालीनं असं म्हटल्यावर आजूबाजूचे व्यापारी हसले. तिच्या नवऱ्यानं, संग्रामनं, निमूटपणे नजर तिच्या हातातल्या मोडलेल्या हळकुंडावर आणली. आतला शेंदरी रंग तिनं क्षणभर न्याहाळला आणि हळदीची प्रत सांगून टाकली. तीस वर्षं ती हेच काम करत होती, आणि डोळे गेले म्हणून ते सोडायला तिनं साफ नकार दिला होता.

आता न्याहाळायची ती, डोळे मात्र संग्रामचे. तिचा डावा डोळा लहानपणीच विटी लागून गेला होता. उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे दोन वर्षांपूर्वी काळी गाठ निघाली. डोळ्याचा कॅन्सर. जीव वाचवायचा तर डोळा काढणं भाग होतं. मग मिरजेच्या डॉक्टर ऐनापुरेबाईंनी नवराबायकोला 'नजरजोड' बसवली. दात्याच्या डोळ्यावरची पातळ काच तो बघेल ते टिपते, आणि रुग्णाच्या मेंदूत, डोक्याच्या मागच्या बाजूला जिथे दिसण्याचं काम चालतं, तिथल्या चकतीला पाठवते. दात्याला अंघोळबिंघोळ असतेच, म्हणून त्याच्या कानामागे एक बटण. ते दाबलं की पाठवणं बंद. त्याला सगळे 'पापणी' म्हणत, आणि ते दाबणं म्हणजे पापणी मिटणं.

संग्रामनं सेवेत काही कमी ठेवलं नव्हतं. डोळ्याची खोबण धुणं, औषध घालणं, सारं तो शिकला. सकाळी ती कुंकू लावायची तेव्हा तो आरशासारखा समोर बसायचा. वर तिची बोलणीही खायचा, कारण त्याची नजर म्हणजे सुटलेलं वासरू.

या कॅन्सरची एक वाईट खोड आहे. डोळा सोडून तो पुढे यकृतात दडून बसतो. त्यामुळे दर सहा महिन्यांनी तपासणी. या खेपेचा रिपोर्ट संग्रामनं दवाखान्याच्या जिन्यात, पापणी मिटून वाचला. यकृतात तीन डाग होते. त्यानं तिथूनच लेकीला फोन लावला.

"पप्पा, मम्मीला सांगू नका," ईश्वरी रडत म्हणाली. "ती हाय खाईल. नवीन औषधाची चाचणी चाललीये ना, त्यात तिचं नाव घालू. सही लागली तर नजरजोडचा कागद आहे म्हणून सांगा."

आपल्याकडे घरोघरी हेच करतात. संग्रामलाही ते पटलं. "सगळं नॉर्मल आहे," त्यानं बायकोला सांगितलं, आणि त्याला स्वतःचाच मनस्वी राग आला.

वीस दिवसांनी दोघं सकाळीच डॉक्टरांच्या खोलीत बसली होती. चाचणीचा फॉर्म टेबलावर होता.

"कसला कागद आहे? अन् पापणी कशाला मिटलीत?" प्रणालीनं विचारलं.

"नजरजोडचं नूतनीकरण," संग्राम पुटपुटला.

"अशी सही मी घेणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "संग्रामराव, त्यांना खरं सांगा."

"सांगायचं काय त्यात?" प्रणाली म्हणाली. "यकृतात आलाय ना?"

संग्राम तिच्याकडे वळला. "तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की! वीस दिवस रोज कुंकू लावताना सांगताय. कपाळ बघता बघता तुमची नजर घसरते ती उजव्या बरगडीखाली. भाकरी वाढताना तिथंच. मी आडवी झाले की तिथंच. आधी वाटलं, साडीला डाग पडलाय. दोन साड्या बदलून बघितल्या मी."

"पण मी मुद्दाम नव्हतो बघत!"

"मुद्दाम कुणीच बघत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हात लांब केल्यावर अंगठ्याचं नख दिसतं ना, जेमतेम तेवढीच जागा डोळ्याला स्पष्ट दिसते. बाकी धूसर. म्हणून तो सेकंदाला तीन-तीनदा उडी मारतो. कुठे मारायची, ते तुमची भूक ठरवते, तुमची भीती ठरवते. नजरजोड त्या उड्यांसकट सगळं पाठवते. पापणी मिटून तुम्ही रिपोर्ट लपवलात, पण धास्ती कशी लपवणार?" मग त्या म्हणाल्या, "आता एक गाळणी निघाली आहे. उड्या पुसून चित्र स्थिर करते. हवी असेल तर बसवता येईल."

"बसवा," संग्राम घाईनं म्हणाला.

"खबरदार!" प्रणालीनं टेबलावर हात आपटला. "दोन्ही डोळे गेले, ते मी सोसलं. आता माझ्या जिवाची बातमीपण मला गाळून देणार? आजार माझा, यकृत माझं, आणि ठरवणार तुम्ही बापलेक? उघडा पापणी. रिपोर्ट धरा समोर."

त्यानं धरला. ती ओठ हलवत एकेक ओळ वाचत गेली. त्याची नजर अडली की "पुढं" म्हणून दटावत होती.

"किती जणांना लागू पडतं हे औषध?" तिनं विचारलं.

"दहातल्या चौघांना," डॉक्टर म्हणाल्या.

"मग त्या चौघांत मला धरा."

तिनं पेन टेकवलं, आणि संग्रामची नजर कागदावरून सुटली. सहीची शेवटची रेघ वाकडी गेली.

"गेलात परत तिथं. चोरून नका बघू. नीट बघा, पाहिजे तेवढा वेळ बघा."

संग्रामनं तिच्या उजव्या बरगडीखाली नजर लावली. बघता बघता त्याचे डोळे भरले, आणि तिलाही सगळं पाण्यातून दिसू लागलं. रडायला त्याच्याकडे स्वतःची अशी जागाच उरली नव्हती. यापुढे तो जेव्हा जेव्हा घाबरेल तेव्हा तिला ते दिसणार होतं, अगदी शेवटपर्यंत, आणि भीतीपोटी पापणी मिटायला ती त्याला एका क्षणाचीही सूट देणार नव्हती.

"डोळे पुसा," ती म्हणाली. "अकराला सौदे आहेत. भरल्या डोळ्यांनी हळदीचा रंग कळत नाही मला."