नववी रेघ

जालन्याच्या सदर बाजारात रामकिसन शेठांची पेढी होती. त्या पेढीची हुंडी मुंबईपासून हैदराबादेपर्यंत कुणी परत फिरवत नसे. शेठांना एकच मुलगा, बद्रीनाथ. पेढीच्या गादीवर बसायचं सोडून या मुलानं दोन उद्योग केले. कुंडलिकेच्या काठी द्राक्षांचा मांडव घालून त्या द्राक्षांची वाइन काढली, आणि शहागडला गोदावरीच्या काठावर उभं राहून शिडाची होडी बांधून घेतली.

मुंबईला शिकायला होता तेव्हा कॉलेजापेक्षा कुलाब्याच्या बंदरावरच त्याचे दिवस जास्त गेले होते. तिथल्या तांडेलांनी त्याला वारा ओळखायला शिकवलं. जालन्याला परत आल्यावर कोरड्या मुलखात पाणी म्हणजे गोदावरीचं, जिला तिकडे सगळे गंगाच म्हणतात. बाजारातली माणसं मागून हसायची. शेठांच्या सोवळ्या घरात दारू आली आणि गंगेत जहाज आलं, म्हणायची. बद्रीनाथला त्याचं काही वाटत नसे. पेढी, वाडा, नाव, सगळं त्याला जन्मतःच मिळालं होतं. ही होडी तेवढी त्याची स्वतःची होती.

होडी बावीस फुटांची, सागवानी. वाळूत रुतू नये म्हणून तळ सपाट. शीड जालन्याच्याच कापसाचं, दुहेरी विणलेलं. आणि बाहेरच्या अंगाला, पाण्याच्या पातळीपासून वर, बद्रीनाथनं स्वतः तांबड्या रंगानं रेघा ओढल्या होत्या. होडी रिकामी असली की पाणी सगळ्या रेघांच्या खाली राहायचं. एक माणूस बसला की एक रेघ बुडायची. दोन बसले की दोन. महिनाभर त्यानं माणसं चढवून-उतरवून त्या रेघा तपासल्या होत्या. वाइनचं भरलेलं एक पिंपही बरोबर एका माणसाच्या भाराचं होतं. उगाच अंदाजानं बोलणं त्याला आवडत नसे.

सदतीस सालच्या दिवाळीत रामकिसन शेठांनी विषय काढला.

"बद्री, बाग मोडून टाक. होडी वीक. पाडव्यापासून गादीवर बस."

"बापूजी, एक संधी द्या. सहा पिंपं वाइन भरतो आणि शहागडहून पैठणला नेतो. प्रवाहाच्या उलट, नुसत्या वाऱ्यावर. आजवर कुणी नेलं नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर बागेत पहिली कुऱ्हाड मी घालीन."

शेठांनी समोरची चोपडी मिटली. मग म्हणाले, "कार्तिकी पौर्णिमेला मी पैठणच्या घाटावर उभा असेन."

कार्तिकात तिकडे पूर्वेचा वारा सुटतो. नदी पूर्वेकडे वाहते आणि वारा तिला उलटा ढकलतो. बद्रीनाथचा सगळा भरवसा त्या वाऱ्यावर होता. सोबतीला त्यानं मल्हारीला घेतलं. मल्हारी शहागडचा, पन्नाशीचा, सगळा जन्म गंगेत होडी वल्हवण्यात गेलेला. त्याला शिडातलं काही कळत नव्हतं, पण पात्रातला प्रत्येक वाळूचा पट्टा पाठ होता.

त्रयोदशीच्या सकाळी पिंपं चढवली. सहा. मल्हारी चढला, बद्रीनाथ चढला. सवयीनं त्यानं काठावरून वाकून पाहिलं.

आठ रेघा बुडायला हव्या होत्या. नऊ बुडाल्या होत्या.

त्यानं तळ चाचपला. कोरडा होता. पिंपं पुन्हा मोजली. मग दोघं खाली उतरले, पिंपंही उतरवली. रिकामी होडी पाण्यावर उभी होती आणि तिची पहिली रेघ पाण्याखाली होती.

"लाकडानं पानी पिलं आसंल, छोटे शेठ," मल्हारी म्हणाला.

"हो. तसंच असेल."

वारा चांगला होता. दोघांनी माल पुन्हा चढवला आणि शीड उघडलं. होडीनं नाक वळवलं आणि ती गंगेच्या उलट निघाली, इतकी सहज की काठावर धुणं धुणाऱ्या बाया उभ्या राहिल्या. एका पोक्त बाईनं पाण्यातूनच हात जोडले. बद्रीनाथचा ऊर भरून आला. शीड ताठ भरलं होतं, सागवान करकरत होतं, पिंपांतून आंबूस गोड वास येत होता, आणि दोन्ही काठांवरची ज्वारीची शेतं मागं सरकत होती.

दुपारी जेवायला एका वाळवंटावर होडी लावली. दोघं भाकरी खात बसले. बद्रीनाथचं लक्ष सहज रेघांकडे गेलं. होडीत सहा पिंपं होती आणि सहाच रेघा बुडाल्या होत्या. सकाळची वाढीव रेघ कोरडी होती.

लाकूड एकदा प्यालेलं पाणी दोन-चार तासांत सोडत नाही, हे त्याला कळत होतं.

त्यानं भाकरी खाली ठेवली नाही. चावत राहिला आणि बघत राहिला. मल्हारी हात धुऊन आला, होडीत चढला. सात. बद्रीनाथ चढला. आठ. त्यानं श्वास सोडला आणि दोर हातात घेतला.

तेवढ्यात होडी हलकेच डोलली आणि थोडी खाली बसली, अगदी कुणी मागून येऊन बसावं तशी.

मल्हारीनं मान खाली घातली. "शेठ, येक मानूस जास्त हाये."

"कोण?"

"म्या कसं सांगू? दिसून न्हाई राह्यलं. पन भार हाये."

"मग असू दे," बद्रीनाथ म्हणाला. "शीड उघड."

त्याला भीती वाटली नाही असं नाही. पण पौर्णिमेला बापूजी घाटावर उभे राहणार होते.

दुसऱ्या दिवशी त्याला आणखी एक गोष्ट कळली. नदी वळण घ्यायची तिथं वारा बाजूनं यायचा आणि होडी कलायची. तांडेलांनी शिकवलं होतं, झोत येताच वाऱ्याच्या बाजूला सरकून बसायचं. बद्रीनाथ सरकायचा. पण तो सरकायच्या आधीच होडी त्या बाजूला दबलेली असायची. झोत अजून दूर, पाण्यावर त्याचा काळसर पट्टा नुसता उमटलेला, आणि भार आपल्या जागी जाऊन बसलेला. दरवेळी बरोबर. दरवेळी त्याच्या आधी.

सकाळपासून मल्हारी त्याला वाखाणत होता. "काय हात हाये तुमचा शेठ, येकदाबी पानी आत न्हाई आलं." बद्रीनाथनं त्याला गप्प बसवलं. कौतुक कुणाचं चाललंय हे त्याला ठाऊक होतं, आणि ते त्याला भीतीहून जास्त बोचत होतं.

एका वळणावर तो मुद्दाम सरकला नाही. दोर पकडून जागेवर बसला. होडी तरीही सरळच राहिली.

आपेगावच्या अलीकडे एक डोह लागतो. पाणी तिथं हिरवंगार आणि थंड. वर उभी दरड, त्यामुळे वारा अडतो आणि मग एकदम सुटतो. पौर्णिमेच्या सकाळी होडी त्या डोहात आली तेव्हा शीड लुळं पडलं होतं. पाखराचासुद्धा आवाज नव्हता.

वारा दरडीवरून कोसळला.

शीड फाडकन भरलं. डोलकाठी वाकली. दोर बद्रीनाथच्या मनगटाला गुंडाळला गेला आणि त्याला तो सोडवता येईना. उजवा काठ पाण्याला टेकला. पिंपं सरकायला लागली.

मल्हारी तळाशी बसून गंगामाईचं नाव घेत होता.

बद्रीनाथ हलू शकला नाही. आपण बुडतोय हे त्याला स्वच्छ दिसलं.

मग डावा काठ खाली गेला.

हळूहळू, जोर लावून. डाव्या फळीवर गोणपाट वाळत टाकलं होतं. ते मधोमध खोल दबलं होतं.

होडी सरळ झाली. दोर मनगटावरून आपोआप सैल पडला.

 गोणपाट बराच वेळ तसंच दबलेलं राहिलं.

दुपार कलताना पैठणचा घाट दिसला. पौर्णिमेची गर्दी होती. शिडाची होडी उलट्या पाण्यानं येताना पाहून माणसं पायऱ्या उतरून पुढं आली. कुणीतरी ओरडलं, कुणी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात खालच्या पायरीवर पांढऱ्या पागोट्यात रामकिसन शेठ उभे होते. जोडे काढून ते धोतरासकट घोटाभर पाण्यात उतरले. बापाला इतक्या लोकांदेखत असं उतरताना बद्रीनाथनं कधी पाहिलं नव्हतं.

शेठांनी त्याच्या गळ्यात हार घातला. 

"बद्री, खरं सांग. कुणाच्या आधारानं आणलीस?"

 मल्हारीनं त्याच्याकडे पाहिलं.

बद्रीनाथनं मान ताठ केली. "कुणाच्याच नाही, बापूजी. मी एकट्यानं आणली."

"हा माझा मुलगा," शेठ वळून लोकांना म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "हा माझा मुलगा."

त्या गलबल्यात, दोघं अजून होडीतच असताना, होडी एक रेघ वर आली. ते फक्त मल्हारीनं पाहिलं. घाटाच्या पायऱ्यांकडेही त्यानं पाहिलं, पण तिथं गर्दी इतकी होती की कोण वर गेलं ते कळायला मार्ग नव्हता.

पिंपं उतरली. शेठांनी स्वतः वाइनला जीभ लावली नाही, पण मोठ्या अंमलदारांना, व्यापाऱ्यांना वाटायला लावली. बाग राहिली. होडी राहिली. त्या रात्री बद्रीनाथ बऱ्याच महिन्यांनी शांत झोपला.

सकाळी परत निघायचं होतं. आता प्रवाह सोबतीला होता, होडी रिकामी होती. निरोपाला शेठ दहा-पंधरा माणसं घेऊन घाटावर आले होते. बद्रीनाथ चढला, मल्हारी चढला. बद्रीनाथनं वाकून पाहिलं.

एक रेघ.

त्याला आधी बरं वाटलं, जास्तीचं कुणी नाही म्हणून. मग लक्षात आलं की होडीत ते दोघं आहेत.

"मल्हारी, तू उतर बरं जरा."

मल्हारी पाण्यात उतरला. होडी वर आली. आता बद्रीनाथ एकटा आत उभा होता आणि सगळ्या रेघा कोरड्या होत्या.

तो एका काठावर जाऊन उभा राहिला. मग दुसऱ्या. होडी कलली नाही. 'कुणाच्याच नाही', हे कालचं स्वतःचं उत्तर त्याला आठवलं.

मल्हारी कमरेइतक्या पाण्यात उभा होता. तो रेघांकडे बघत नव्हता. बद्रीनाथच्या तोंडाकडे बघत होता, आणि एकेक पाऊल मागं सरत होता.

"निघा आता, ऊन चढेल," घाटावरून रामकिसन शेठ अभिमानानं हाक मारत होते.

बद्रीनाथनं वडलांकडे बघून हात हलवला. मग खाली उतरला, दोन्ही पंजे होडीच्या काठावर ठेवले आणि अंगातला सगळा जोर लावून खाली दाबलं.

पाणी हललं नाही.